पूंगोदैची शेजारीण

रथ जवळ आला तेव्हा गेक सिमच्या हातातून नवऱ्याचा, वेलूचा, हात सुटला. सुटला, असंच ती पुढे सगळ्यांना सांगणार होती, आणि ते खोटं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळांचे ढीग रचलेले होते, रथ दिसल्याबरोबर माणसं दोन्ही हातांनी नारळ उचलून डांबरावर आपटायला लागली होती. नारळाचं पाणी पायांवर उडत होतं, करवंट्यांचे तुकडे घोट्यांना लागत होते, ढोल इतके जवळ होते की छातीच्या आत कुणी वाजवावेत. मागून गर्दीचा एक लोंढा आला. वेलूची बोटं तिच्या मुठीत नेहमीसारखी घामेजलेली, सैल, एखाद्या वस्तूसारखी होती. ती सरकायला लागली. सरकतायत हे तिला कळलं. पंजा, मग बोटं, मग नुसती टोकं. मूठ आवळायला एक क्षण पुरला असता. तिनं मूठ आवळली नाही. उघडीच राहिली ती, आणि त्या उघड्या हातावर वारा लागला. किती दिवसांनी त्या तळव्याला वारा लागत होता! लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेला आणि पिवळा सदरा घातलेला एक म्हातारा तिच्या डोळ्यांसमोरून पाठमोरा चालत गेला, आणि मग तसे शंभर म्हातारे झाले.

ती लगेच धावली नाही. पुढे पाणपोई होती, तिथं जाऊन उभी राहिली. मोठ्या पातेल्यातून ताक वाढणाऱ्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पिवळ्या झग्याकडे पाहिलं आणि हसून पेला पुढे केला. "घ्या आंटी. मिरची कमी घातलीय, तुम्हाला चालेल." गेक सिमला ताकात भरपूर मिरची लागत असे. तिनं पेला घेतला. "एकट्याच आलात?" बाईनं विचारलं. "हो," गेक सिम म्हणाली, "एकटीच." शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ताकाच्या घोटासारखा थंडगार पोटात उतरला. एकटीच. समोरून रथ सरकत होता. बैलांच्या शिंगांना हळद लावलेली, आत हारांखाली बुडालेला मुरुगन देव, ज्याचा चेहरा तिला इतक्या वर्षांत कधी नीट दिसला नव्हता. तिच्याच वयाची एक चिनी बाई उदबत्त्यांचा जुडगा दोन्ही हातांत धरून रथाला वाकत होती. तिचा मुलगा, सून, नातवंडं मागे रांगेत नारळ घेऊन उभी होती. नवस फळलेला दिसत होता. गेक सिमनं दुसरा पेला मागून घेतला. तो तिनं सावकाश, अगदी सावकाश प्यायला. मग पातेल्यावर मोठा चमचा आपटल्याचा आवाज झाला आणि ती दचकली. वेलूला रस्ता ओलांडता येत नाही. वेलूला आपलं नाव कधी सांगता येतं, कधी नाही.

ती गर्दीत शिरली. "वेलू!" तिनं हाक मारली, पण त्या दिवशी तिथं देवाच्या भाल्याचं नाव घेत वेल वेल हाच घोष चालला होता, तिची हाक त्यात मिसळून देवाची झाली. एक-दोघांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं.

वेलूचा आजार सुरू झाला तेव्हा आधी त्याची होक्कियन गेली. तिची माहेरची चिनी भाषा. लग्नानंतर पहिल्या वर्षात तो ती तिच्याकडून शिकला होता, फेरीबोटीवरून रात्रपाळी करून आला की भात चिवडत एकेक शब्द घोकायचा, उच्चार चुकला की ती हसायची आणि तो मुद्दाम पुन्हा चुकायचा. ती भाषा चोरपावलांनी गेली. आधी भाज्यांची नावं, मग शिव्या, मग एके सकाळी ती "चहा झालाय" म्हणाली आणि तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्यानंतर मलय गेली, बाजाराची, बोटीवरची, शेजारच्या रोकियाशी भांडायची आणि थट्टा करायची. राहिली तमिळ. तिला तमिळ येत होती, पण स्वयंपाकघरापुरती: मीठ, तांदूळ, दुखतंय का, पुरे, अजून. डॉक्टर म्हणाले होते, असंच होतं, उशिरा आलेलं आधी जातं. तिनं घरी येताना बसमध्ये ते वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं होतं. उशिरा आलेलं आधी जातं. आपणही उशिराच आलो. तो सव्वीस वर्षांचा होता तेव्हा.

बेटावर वर्षभर कुणाचा ना कुणाचा सण असतोच. लोकांना वाटतं, अशा नवरा-बायकोची चंगळ असेल. एका वर्षी पर्यटनवाल्यांनी त्या दोघांचा फोटोसुद्धा काढला होता: तिला लाल कपड्यांत संत्री देऊन उभं केलं, त्याला कपाळाला विभूती लावून हातात पणती दिली, आणि मागे मशिदीचा घुमट. तो फोटो कित्येक महिने बोटीच्या धक्क्यावर माणसाच्या दुप्पट आकारात लावलेला होता. त्या वर्षी नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी, सगळं चिनी जग आपापल्या आईबापांच्या टेबलाभोवती बसलेलं असताना, ते दोघं घरी डोसे खात बसले होते. तिच्या बापाचं कागदाच्या सामानाचं दुकान होतं. मेलेल्यांसाठी जाळायची कागदी घरं, कागदी मोटारी, कागदी नोकरचाकर तो बांबूच्या कामट्यांवर इतके सुबक करायचा की जाळताना लोकांना वाईट वाटावं. लग्न केलं तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "काळ्याच्या घरी गेलीस ना, मग तिथलीच हो." दिवाळीला वेलूच्या आईकडे जायचे, तेव्हा म्हातारी तिला पायरीवर बसवून लाडू द्यायची आणि आत जाऊन, तिला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणायची, "त्या मातीत आपलं बी रुजायचं नाही." रुजलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोघांतही दोष नाही. मग वेलू कावड घ्यायला लागला. लोक नवस फेडायला घेतात, तो मागायला घ्यायचा. पाठीत आकडे, जिभेतून त्रिशूळ आरपार, डोक्यावर मोरपिसांची कमान, आणि शेजारून ती अनवाणी, दुधाची घागर सांभाळत, "पोचलोच, वेलू, पोचलोच," असं होक्कियनमध्ये पुटपुटत. टेकडीच्या पायऱ्यांवर लोक तिला वाट करून द्यायचे. आकडे काढले की रक्त येत नसे, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. बाकी काही झालं नाही. काही वर्षांनी त्यानं एका सकाळी कावडीचा सांगाडा मोडून भंगारवाल्याला दिला. पितरं घरी येतात त्या भुतांच्या महिन्यात तिची आई फुटपाथवर कागदी कपडे जाळत बसलेली असताना ती जवळ जाऊन उभी राहिली होती, आई मान वर न करता म्हणाली, "तुझ्यासाठी कोण जाळणार गं? त्यांच्यात तर असलं काही करतच नाहीत."

उन्हानं डोकं तडकत होतं. रथ बराच पुढे गेला होता. मागे राहिलेल्या करवंट्यांचा चिखल यंत्र खरवडून बाजूला ढकलत होतं आणि त्या पांढऱ्या-तपकिरी लगद्याकडे बघताना तिला उगाचच भीती वाटली की यात तो सापडेल. तिनं एका पोलिसाला विचारलं, त्यानं बोट दाखवलं. देवळाकडच्या वळणावर हरवलेल्यांसाठी मंडप टाकला होता. जाताना तिचे पाय जलद पडत होते, पण मनात एक बारीकसा आवाज चालू होता: नसला तर? त्या आवाजाचं काय करायचं ते तिला कळेना. तो दुष्ट नव्हता, नुसता थकलेला होता.

वेलू तिथंच होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसून केळीच्या पानावरचा भात खात होता, आणि भोवतीच्या दोन बायका त्याचं बोलणं ऐकून हसत होत्या. इतका मोकळा तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. गेक सिम मंडपात शिरली. ती त्याच्या जवळ गेली, त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण निसटलं होतं ते लावायला तिनं हात पुढे केला, आणि तो खुर्चीत मागे सरकला.

"काय आंटी, काय हवंय?" मंडपातल्या प्रमुख बाईनं विचारलं. लोगनायगी असं तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं. शाळेतल्या बाईंसारखा दणदणीत आवाज.

"हा माझा नवरा. गर्दीत हात सुटला."

लोगनायगीनं तिच्याकडे पाहिलं, मग वेलूकडे. मग तमिळमध्ये, लहान मुलाशी बोलावं तसं, विचारलं, "ताता, ओळखलं का? ह्या तुमच्या मिसेस का?"

वेलूनं गेक सिमकडे नीट, सभ्यपणे बघितलं. अनोळखी बाईकडे फार वेळ बघू नये अशा बेतानं नजर खाली वळवली. "छे हो," तो म्हणाला. "ह्या चिनी बाई आहेत."

सगळे हसले. गेक सिमही थोडी हसली, कारण आजूबाजूचे हसत असले की चेहरा आपोआप हसतो.

"मग तुमची मिसेस कुठंय?"

"पूंगोदै? ती घरी. पोराला ताप आहे ना, म्हणून आली नाही. मी म्हटलं, तू थांब, मी देवाला सांगून येतो."

मंडपात गर्दीचा आवाज येत होता तो एकदम लांब गेला. पूंगोदै. हे नाव त्यांच्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. त्याच्या मामाची मुलगी. पलीकडच्या किनाऱ्यावर रबराच्या मळ्यात वाढलेली. जन्मल्यापासून त्याच्यासाठी ठरलेली. गेक सिमनं तिला एकदाच पाहिलं होतं, वेलूच्या आईच्या मातीला. जाड वेणी, हातात हिरव्या बांगड्या, बरोबर मळ्यातला कारकून नवरा. सगळ्या बायका गेक सिमपासून हातभर लांब बसल्या होत्या तेव्हा तीच उठून जवळ आली, तिचा दंड धरला आणि म्हणाली, "किती वाळलात तुम्ही. जेवून घ्या थोडं." ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. नंतर कधीतरी ती बाळंतपणात गेल्याचं कळलं. वेलूनं ती बातमी ऐकली, ताटातला भात संपवला आणि कामावर गेला. तेव्हा गेक सिमला ते बरं वाटलं होतं. आता वाटेना. हा आजार बोलतोय, की इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपलेल्या माणसाच्या आत दुसरं घर चालू होतं, चूल पेटत होती, पोराला ताप येत होता, आणि हिला फक्त बाहेरची भिंत दिसत होती? त्या घरात पोर होतं. तिकडे रुजलं होतं.

"आंटी, काही कागद आहे का?" लोगनायगीनं जरा खालच्या आवाजात विचारलं. "राग मानू नका. आम्हाला असं कुणाच्याही हाती देता येत नाही."

गेक सिमनं पर्समधून दोघांची ओळखपत्रं काढली. पत्ता एकच होता. लोगनायगीनं ती दोन्ही पत्रं शेजारी शेजारी धरली, परत दिली आणि तिचा आवाज बदलला. "किती दिवस झाले हे?"

"बरेच."

"मुलं?"

"नाहीत."

"चला ताता," लोगनायगी त्याला म्हणाली, "ह्यांच्याबरोबर घरी जायचं."

"मी कशाला जाऊ ह्यांच्याबरोबर?" वेलू चिडला. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. "लोक काय म्हणतील? माझ्या घरी बायको आहे." त्याचा आवाज चढला; पानावरचा भात सांडला; बाजूची माणसं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा पक्का आहे हां!" आणि पुन्हा हशा झाला, पण लोगनायगीनं वळून बघितल्यावर तो थांबला.

गेक सिम त्याच्यासमोर उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. तिनं तिच्या स्वयंपाकघरातल्या तमिळमध्ये शब्द गोळा केले, मीठ-तांदळाच्या डब्यांमागून शोधून काढावेत तसे. "मी शेजारी," ती म्हणाली. "तुमच्या शेजारची. पूंगोदैनं पाठवलं. म्हणाली, त्यांना घेऊन ये."

वेलूचा चेहरा निवळला. "असं होय! मग आधी नाही का सांगायचं अक्का? चला, चला. तुम्हाला उगाच त्रास." तो उठला, लोगनायगीला नमस्कार केला, आणि चालायला लागला. गेक सिमनं सवयीनं त्याच्या हाताकडे हात नेला आणि मागे घेतला. शेजारीण हात धरत नाही. ती त्याच्या अर्धं पाऊल मागून, त्याला गर्दी लागू नये म्हणून आपला हात आडवा ठेवून चालत राहिली. मंडपातून लोगनायगी बघत असणार हे तिला पाठीला जाणवत होतं.

बस मिळायला खूप चालावं लागलं. बसमध्ये त्यानं तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः मध्ये अंतर ठेवून बसला. तिच्या लक्षात आलं की तो फार चांगला माणूस आहे. परक्या बाईशी इतकं नीट वागणारी माणसं कमी असतात. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताप उतरला का हो त्याचा? तुम्ही बघितलंत ना निघताना?"

"उतरला," गेक सिम म्हणाली.

"खाल्लं का काही?"

"थोडं." मग तिला थांबता येईना. "कितवं वर्ष त्याला?"

"चौथं लागेल. तुम्ही शेजारी असून माहीत नाही?" तो हसला. "अहो, भिंतीवर रेघोट्या मारतो, तुमच्या दारावरही मारल्या असतील. ओरडा तुम्ही त्याला. माझं ऐकत नाही."

"कुणासारखा दिसतो?"

"आईसारखा. केस तर अगदी आईचेच." बाहेर बघत त्यानं हातानं हवेत केसांचा आकार दाखवला. "रात्री माझ्या पोटावर पाय टाकल्याशिवाय झोपत नाही. रात्रपाळी असली की रडतो."

ती विचारत राहिली. काय खातो, कशाला घाबरतो, पहिला शब्द कुठला बोलला. आपण हे का विचारतोय हे तिला कळत होतं आणि लाजही वाटत होती, दुसऱ्याच्या घरात खिडकीतून डोकावल्यासारखी. पण तहान लागावी तसं झालं होतं. तो सगळं सांगत गेला. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. एकदाही अडला नाही, ज्याला सकाळी चप्पल कुठल्या पायात घालायची हे आठवत नसे. तमिळमध्ये तो बोलत होता आणि काही शब्द तिच्या हातून निसटत होते. ते निसटले म्हणून तिला हळहळ वाटली. एका वळणावर ती मुलाचं नाव विचारणार होती. विचारलं नाही. नाव कळलं असतं तर ते पोर मग तिच्या मनातून कधीच गेलं नसतं.

लिफ्टनं त्यांच्या मजल्यावर उतरून गॅलरीतून चालताना तो पुढे झाला. आपलं दार त्याला बरोबर ओळखता आलं. तिनं पर्समधून किल्ली काढली.

"आमची किल्ली तुमच्याकडे?"

"पूंगोदैनं दिली."

"हां." त्याला पटलं. तिनं कुलूप काढलं. सकाळी शिजवून झाकून ठेवलेल्या सांबाराचा वास बाहेर आला. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि वळला. ती आत शिरायच्या बेतात होती, त्याच्या खांद्यावर जवळजवळ आदळली. त्यानं एक हात दाराच्या चौकटीला लावला, अडवून नव्हे, अदबीनं.

"या म्हणालो असतो अक्का," तो म्हणाला, "पण घरात पोर आजारी आहे, तिची धांदल चाललेली असणार. तुम्हीही आता जा. तुमची माणसं वाट बघत असतील." दोन्ही हात जोडून त्यानं नमस्कार केला. मग दार लागलं आणि आतून कडी सरकली. कडी त्याला लावता येत नाही, असं ती सगळ्यांना सांगत असे.

ती तशीच उभी राहिली. खाली इमारतींच्या मधल्या पटांगणात कुणीतरी धुतलेली चटई झटकत होतं. दार ठोठावायला तिनं हात वर केला. कोण म्हणून ठोठावायचं? बायको तर आत होती.

शेजारच्या दारातून रोकिया बाहेर आली, हातात तळणीचा झारा. नवरा गेल्यापासून ती दिवसभर केळ्याची भजी तळून विकत असे. "काय गं सिम, बाहेर काय उभी? चावी हरवलीस?"

"नाही."

"मग? भांडलात का? त्याच्याशी आता काय भांडतेस बाई, त्याला कळतं का काही." रोकियानं दाराकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "आतून कडी घातली? या अल्ला! गॅस सुरू करील, काही पेटवील. थांब, मी खालच्या फौझीला बोलावते, दार तोडायला लागेल."

"गॅस सिलिंडरलाच बंद करून गेले होते मी. नको बोलावू."

"नको काय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि तू रडतेयस का?"

गेक सिमनं गाल पुसला. तो ओला होता, घामाने का कशाने कोण जाणे. "रोकिया, एक खुर्ची दे ना मला."

रोकियानं खुर्ची आणली, तिला बसवलं, स्वतः कठड्याला टेकून उभी राहिली. झाऱ्यावरचं तेल फरशीवर ठिपकत होतं. आत भांड्यांचा आवाज झाला. झाकण पडलं, पातेलं ओढलं गेलं. मग वेलूचा आवाज आला, बारीक, लाडिक, थोडं गात असल्यासारखा. मग तो थांबला, जणू कुणाचं ऐकतोय, आणि हसला. तसं हसणं ह्या घरात कधी ऐकू आलं नव्हतं.

"कुणाशी बोलतोय गं तो?" रोकियानं कुजबुजत विचारलं. "काय म्हणतोय?"

"'हा एकच' म्हणतोय. 'हा एकच घास, मग झोपायचं.'"

रोकिया तिच्याकडे बघत राहिली. मग झारा खाली ठेवून ती दाराकडे गेली, ठोठावायला हात उचलला. गेक सिमनं बसल्या जागेवरून तिचा पदर धरून तिला मागे ओढलं.

"थांब," ती म्हणाली. "जेवू दे त्याला."